कुकरची शिट्टी आणि दोन डझन लंगोट

आमच्या ऑफिसातल्या एकीला सातवा लागलाय. गेल्या आठवड्यात डबा खाताना तिनं विचारलं, "तू म्हणे डायपर वापरलेच नाहीस?" हे खरं नाही. वापरले. माझ्या वहीत त्यांचे दहा हजार रुपये मांडलेले आहेत. पण दीड वर्षाच्या मानानं कमी वापरले. ते कसं जमलं आणि कुठं फसलं, हे जेवणाच्या सुट्टीत सांगून होईना, म्हणून लिहून काढतेय.

मनू 14 जून 2023 ला झाली, कराडला, माझ्या माहेरी. सिझर झालं, चार दिवस दवाखान्यात होते. बाळाची पहिली शी काळीकुट्ट आणि डांबरासारखी चिकट असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती बघून मी रात्री दोनला नर्सला हाका मारल्या. नवऱ्यानं खालच्या मेडिकलमधून 46 डायपरचं पाकीट आणलं, 549 रुपयांना. 22 तारखेला ते संपलं. त्यानं डिस्चार्ज कार्डाच्या पाकिटावरच हिशोब मांडला: एक डायपर बारा रुपये, दिवसाला आठ, महिन्याला जवळजवळ 2,900. त्याच महिन्यात त्याच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला होता आणि पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता 17,400 चा. आई दारात उभी राहून ऐकत होती. "तेवढ्यात म्हशीची पेंड येती," म्हणाली आणि आत जाऊन ट्रंक उघडली.

ट्रंकेत आजोबांची दोन धोतरं होती. धोतर जितकं जुनं तितकं लंगोटाला चांगलं, हे पहिलं ज्ञान. पाणी पटकन शोषतं, पटकन वाळतं, आणि टोचत नाही. आईनं त्यांचे आणि तिच्या एका सुती साडीचे मिळून चोवीस त्रिकोणी लंगोट शिवले, उरलेल्याची दुपटी केली. बाळाला पहिल्यांदा कोरं कापड घालत नाहीत, वापरलेलं घालतात, असं आमच्याकडे म्हणतात. मी ते अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं होतं. कोरी मलमल 480 रुपयांची आणली आणि पहिल्या दोन धुण्यांपर्यंत तिच्यावरून पाणी नुसतं घरंगळत गेलं, तेव्हा खातं बदललं. दोन मीटर मेणकापड 260 रुपये. सुरुवातीची खरेदी एवढीच.

25 तारखेला बारसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालिशवाल्या मावशी न्हाऊ घालून गेल्या आणि आईनं मनूला उघडीच उचलून घेतली. पाठ आपल्या पोटाला टेकवली, दोन्ही मांड्या हातांच्या ओंजळीत घेतल्या, मोरीच्या कडेला उकिडवी बसली आणि तोंडानं बारीक "शूऽऽ श्श्श" सुरू केलं. मी टाक्यांच्या दुखण्यानं भिंतीला टेकून बघत होते. बारा दिवसांच्या पोरीला काय कळणार, असं म्हणायला तोंड उघडलं आणि धार लागली. आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुला पण असंच धरायची."

मोबाइलवर शोधल्यावर कळलं की इंग्रजीत याला 'एलिमिनेशन कम्युनिकेशन' म्हणतात आणि परदेशात त्याच्या कार्यशाळा होतात. आईच्या भाषेत ते 'धरणं'. शूला धरणं, शीला धरणं. मी तोच शब्द वापरणार आहे.

पुढचे पंधरा दिवस मी फक्त बघितलं. आईला कसं कळतं, हे मला हवं होतं. ती सांगू शकत नव्हती, "कळतंय की" एवढंच म्हणायची. मग मी वहीत वेळा लिहायला लागले. झोपेतून उठल्यावर लगेच शू, हे जवळजवळ दर वेळी. दूध पिऊन दहा-पंधरा मिनिटांनी परत. आंघोळीनंतर. दुपट्यातून मोकळी केली की. जागी असताना तेव्हा वीस-वीस मिनिटांत व्हायची, त्यामुळे सगळ्या पकडायचा नाद आईनं कधी केलाच नाही. शीची खूण वेगळी. दूध पिता पिता एकदम चोखायची थांबते, स्तन सोडते, परत धरते, पाय ताणते, भुवया लाल होतात. पोटात दूध गेलं की आतडी हलतात, म्हणून बहुतेक बाळांना दुधाच्या मध्येच लागते. मी ते भुकेचं किंवा गॅसचं रडणं समजून परत पाजायला जायचे, आणि ती आणखी रडायची. ही एक गोष्ट समजल्यावर आमची संध्याकाळची निम्मी रडारड संपली. मला विचाराल तर पैशापेक्षा हा फायदा मोठा होता.

लंगोटाचा एक फायदा असा की डॉक्टर विचारतात ते सांगता येतं. पहिला आठवडा सरताना चोवीस तासांत किमान सहा वेळा शू झाली की दूध पुरतंय असं समजतात. डायपरमध्ये तो आकडा नेमका लागत नाही, दोरीवर लंगोट मोजले की लागतो.

दोरीवर. तीच तर अडचण होती. जूनच्या शेवटी पावसानं जोर धरला आणि जुलैभर कराडात ऊन दिसलं नाही. चोवीस लंगोट, आठ दुपटी, आणि घरभर ओला कोंदट वास. पंख्याखाली दोरी बांधली. आईनं शेगडीत निखारे करून त्यावर बांबूची टोपली पालथी घातली आणि तिच्यावर लंगोट पसरले, तिच्या आईकडे असंच करायचे. वाळले छान, पण धुराचा वास राहिला आणि मनू शिंकायला लागली. ते दोन दिवसांत बंद केलं. शेवटी युक्ती अशी निघाली: मशीनमध्ये दोनदा पिळून घ्यायचे, पंख्याखाली रात्रभर, आणि सकाळी अर्धवट दमट असतील त्यांच्यावर इस्त्री. वीजबिल त्या महिन्यात 210 रुपयांनी वाढलं.

त्याच काळात मी दोन तयार कापडी डायपर ऑनलाइन मागवले, 350 ला एक. उन्हाळ्यात चांगले असतील. पावसाळ्यात त्यांचं आतलं जाड पॅड वाळायला दीड दिवस लागायचा. 700 रुपये पाण्यात गेले.

26 जुलैला सहा आठवड्यांचं लसीकरण. सरकारी दवाखान्यात नऊला गेलो, नंबर साडेअकराला आला. लांबच्या रांगेला डायपर घालावा की नाही यावर घरात वाद झाला आणि मी तत्त्वाला पेटून लंगोटच घातला. दोन तासांत चार बदलले, पाचवा उरला नाही. वजनाला उघडी करून काट्यावर ठेवली आणि तिनं काट्यावरच केली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "थांबा, आता खरं वजन येईल." त्या दिवसापासून नियम केला: दवाखाना, प्रवास, कुणाचं लग्न, इथं डायपर. त्यात हार-जीत नाही.

गौरी-गणपती कराडला करून 8 ऑक्टोबरला मी पुण्याला आले. आई दोन दिवस राहून गेली. ती गेल्यावर जी पहिली सकाळ उजाडली, तिच्याबद्दल लिहायला मला अजून बरं वाटत नाही. सकाळी दहापर्यंत अकरा लंगोट, एक गादी, माझा गाऊन. मी न्हाणीघरात बसून रडले. मागे एक बाई मालिशीला, एक आई धुण्याला आणि मी फक्त पाजायला, अशा घरात जे सोपं वाटत होतं ते एकटीनं सोपं नव्हतं. तुमच्याकडे दुसरा माणूस नसेल तर यातलं अर्धंच करा. मी हे आधी वाचलं असतं तर ती सकाळ टळली असती.

नवरा संध्याकाळी आला, त्यानं बादल्या बघितल्या आणि विचारलं, "मला शिकव." त्याला आईची पद्धत जमेना, त्याचे हात मोठे, मनू निसटेल अशी भीती वाटायची. ती चार महिन्यांची झाली होती, मान धरत होती. मग पायावर धरायचं ठरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर सांगते. खाली जुना पेपर पसरायचा. आपण पाटावर बसायचं, पाय समोर, दोन्ही पावलांमध्ये एक वीतभर फट. बाळाला आपल्याकडे तोंड करून दोन्ही पावलांवर असं बसवायचं की मांड्या पावलांवर आणि बूड फटीवर येईल. आपल्या हातांनी काखेत धरायचं. उकिडवं बसल्यासारखं होतं, पोटावर दाब येतो, शी लवकर होते. आपल्या घोट्यांना दोन मिनिटांत रग लागते, पण बाळाचा चेहरा समोर दिसतो, गप्पा मारता येतात. पाच मिनिटांत काही झालं नाही तर उचलायचं. धरून ठेवायचं नाही, रागवायचं नाही. रडली तर तिथंच थांबायचं. पुसताना मुलींना पुढून मागे, हे नवऱ्याला मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यानंच माझ्या सासूबाईंना सांगितलं.

सकाळी साडेसहाची शी त्याच्याकडे गेली ती कायमची. पेपर तिच्यासकट संडासात नेऊन झटकायचा आणि मग टाकायचा. इथंही एक चूक झाली. पहिल्या आठवड्यात त्यानं प्रवासातले दोन डायपर ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकले. कचरा नेणाऱ्या ताईंनी बेल वाजवून पिशवी परत दिली. "दादा, मी हातानं वेगळं करते हो. पेपरात गुंडाळा, लाल टिपका करा आणि वेगळं द्या." पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई लाल ठिपक्याचं सांगतात ते ऐकून होतो, केलं कधी नव्हतं. तेव्हाच्या, 2016 च्या घनकचरा नियमांतही डायपर ओल्यात न टाकता गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचे असं होतं. त्या दिवशी लाल स्केचपेन फ्रिजवर टांगलं.

कुकरची गोष्ट नोव्हेंबरातली. मी मनूला धरताना आईसारखंच "श्श्श" करायचे. एकदा ती स्वयंपाकघरात चटईवर उघडी खेळत होती, कुकरनं शिट्टी दिली आणि चटईवर तळं झालं. योगायोग म्हटला. दुसऱ्या दिवशी वरणाला तीन शिट्ट्या, तळी दोन. मग मी कुकर लावला की तिसऱ्या मिनिटाला गॅस बारीक करून तिला उचलून न्हाणीघरात पळायचे. शेवटी आवाज बदलला. "श्श्श" सोडून "सूं सूं" करायला लागलो, तो बसायला तीन आठवडे गेले. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी कुकरपासून लांबचा आवाज निवडा.

बाळंतपणाची रजा 26 आठवडे. मी 1 जूनपासून घेतली होती, 30 नोव्हेंबरला पतसंस्थेत परत हजर. तेव्हाच्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय होती, पण ती पन्नास आणि त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं. आम्ही चौदा. त्यामुळे घराजवळचं खासगी पाळणाघर. प्रवेशाच्या फॉर्मवर सातव्या ओळीला छापलं होतं: रोज चार डायपर, वाइप्स, एक जादा कपड्यांचा जोड. मी समजावून बघितलं. तिथल्या ताई म्हणाल्या, "सहा पोरं आणि मी एकटी. कुणाच्या भुवया बघत बसू?" त्यांचं बरोबर होतं. मी सही केली. घरी येऊन मात्र हरल्यासारखं वाटलं.

मग असं चाललं: सकाळी साडेनऊपर्यंत घरी लंगोट किंवा उघडी, दिवसा पाळणाघरात अडीच-तीन डायपर, संध्याकाळी परत उघडी. रात्री एक डायपर, कारण मला सकाळी कॅशला बसायचं असायचं आणि झोप हवी होती. गोंधळ होईल असं वाटलं होतं. मनूचा झाला नाही. घरी दार उघडून आत आलं की तिचा डायपर पहिल्यांदा काढायचा आणि लगेच धरायची, एवढं तिला पुरलं.

याच सुमारास लाल पुरळ आलं. दोन दिवस मी पाळणाघराला मनात शिव्या दिल्या. डॉक्टरांनी विचारलं साबण कोणता, कितीदा खंगाळता, सॉफ्टनर घालता का. मी घालत होते, मऊ राहावेत म्हणून. सॉफ्टनर बंद, शेवटचं पाणी एकदा जादा, दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवायचं आणि झिंक ऑक्साइडचं मलम. फी आणि मलम मिळून 650. चार दिवसांत गेलं. सॉफ्टनरनं कापडाची पाणी शोषायची ताकदही कमी होते हे तेव्हा कळलं. लंगोट गळतात म्हणून मी विनाकारण दुहेरी घालत होते.

डिसेंबरात उष्टावण झालं आणि शीचं वेळापत्रक एकदम सुधारलं. दुधाची पातळ पाच-सहा वेळा होणारी शी दिवसाला एक-दोनवर आली. ती बसायला लागली होती, म्हणून बोहरी आळीतून 320 ची साधी प्लास्टिकची पॉटी आणली. गाणी वाजणारी बाराशेला होती. आठव्या महिन्यापर्यंत शीचा लंगोट आठवड्याला एखादाच निघायचा.

आणि मग संप. फेब्रुवारीच्या शेवटी रांगायला लागली, दात आले, आणि पॉटीवर बसवलं की काठीसारखी ताठ. धरलं की किंचाळायची, खाली सोडलं की दोन पावलांवर जाऊन करायची. पाच आठवडे. सासूबाई म्हणाल्या, सवय मोडली, आता डायपर घाला. आईला फोन केला तर म्हणाली, "तिला दुसरं काम लागलंय. सोड थोडे दिवस." आम्ही दिवसातून दोनदाच विचारायचं ठरवलं, उठल्यावर आणि आंघोळीआधी, आणि बाकी पुसायचं. खाली 199 ची क्विक ड्राय शीट, म्हणजे ओल खाली न जाऊ देणारी चादर, दोन. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती स्वतःच पॉटीला धरून उभी राहिली.

मे महिना मात्र पाण्यानं जिंकला. सोसायटीत टँकर सुरू झाले, नळ संध्याकाळी तासभर. लंगोट धुवायला पाणी लागतं, हे बचतीच्या कुठल्याच हिशोबात कुणी धरत नाही. धुण्याचं शेवटचं पाणी बादलीत धरून पुढच्या दिवशीचे लंगोट त्यात भिजवायचे, शी लागलेला आधी थेट संडासात जेटनं झाडायचा. तरीही तीन आठवडे आम्ही घरीही अर्धवेळ डायपरवर होतो. टँकरच्या वर्गणीचे पैसे आणि डायपरचे पैसे जवळजवळ सारखेच झाले.

जूनमध्ये वर्षाची झाली. पाळणाघरातल्या ताईंनी त्यानंतर आपणहून तिला दुपारच्या झोपेनंतर पॉटीवर बसवायला सुरुवात केली, आणि त्याचं श्रेय त्यांचंच. ऑगस्टअखेर तिथं डायपर पाठवणं थांबलं. रात्रीचा त्याआधीच, जूनअखेर सुटला होता: सकाळी सलग दहा-बारा दिवस कोरडा निघाला तेव्हा काढला. त्यानंतर गादी भिजली, सात-आठ वेळा. मेणकापड खाली होतंच. नोव्हेंबर 2024 मध्ये, सतरा महिन्यांची असताना, तिनं पहिल्यांदा बोलून सांगितलं. "शू" नाही, "सूं". आमच्या घराबाहेर कुणाला कळत नाही.

आता वही. डायपर सगळे मिळून साधारण 10,000: त्यात पाळणाघराचे साडेसहा, रात्रीचे अडीच, बाकी दवाखाना आणि प्रवास. कापड, मेणकापड, पॉटी, शीट आणि फसलेले कापडी डायपर मिळून 2,158. डॉक्टर 650. साबण, वीज, पाणी महिन्याला दीडशे जादा धरा. माझ्या जावेनं त्याच काळात पूर्णवेळ डायपर वापरले, तिचा महिन्याचा खर्च 1,800 ते 2,000. म्हणजे आमचे पंधरा-सोळा हजार वाचले असतील. यात आईचे चार महिने धरलेले नाहीत, नवऱ्याच्या सकाळी नाहीत, आणि मी किती लंगोट पिळले तेही नाही. आमच्या डॉक्टरांनी एकच अट घातली होती, जबरदस्ती करू नका, दीड-दोन वर्षांच्या आधी शिकलंच पाहिजे असं काही नसतं. मनू इतरांपेक्षा हुशार निघाली असं मला वाटत नाही. आम्हाला तिच्याकडे बघायची सवय लागली, बस्स.

ऑफिसातल्या मुलीसाठी पिशवी भरून ठेवलीये. चोवीसांतले एकोणीस लंगोट उरले होते. चौदा चांगले आहेत, ते उकळत्या पाण्यातून काढून इस्त्री केले. तिच्या सासूबाई कोरंच आणा म्हणतायत, तर बघू. उरलेल्या पाचांनी मी सध्या ओटा पुसते. आजोबांचं धोतर अजून फाटत नाही.